गंगेतली तीन बेटं आणि पहिला पाट

रविवार, १५ मे १९५५. राणीसावरगाव.

सासुरवाडीत आलोय. आज जेवताना मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिला पाट माणिकरावाला दिला. मला दुसरा. कपाळाला गंध आधी त्याला, मग मला. माझं लग्न थोरल्या लेकीशी झालंय, कस्तुराशी. माणिकराव धाकट्या सुमनबाईचा नवरा, म्हणजे माझा साडू. पहिला पाट थोरल्या जावयाचा असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

कारण काय, तर हा गृहस्थ बेटं बघून आला. परभणीत कापसाची दलाली करतो. मुंबईच्या कुठल्या शेटबरोबर दक्षिणेत गेला, तिथं दोघांनी अख्खी याट भाड्यानं घेतली आणि लखदीव बेटांना चक्कर मारली. याट म्हणजे श्रीमंतांची हौसेची बोट. आत पलंग, आरसा, स्वयंपाकी. लक्झरी, असं तो म्हणाला. मामांनी त्याच्याकडून तो शब्द पुन्हा म्हणवून घेतला आणि स्वतःही म्हणून बघितला.

मी अकरा वर्षं भूगोल शिकवतोय. सुरुवातीला निजामाच्या अमलात उर्दूतून, तेव्हा त्याला जुगराफिया म्हणायचे. जजीरा म्हणजे चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा तुकडा. ही व्याख्या निम्म्या तालुक्याला मी पाठ करून घेतली. माणिकराव मॅट्रिकला भूगोलात नापास. आणि बेटं त्यानं बघायची!

मला हेवा वगैरे काही वाटत नाही. प्रश्न पाटाचा आहे.

१६ मे.

ओसरीवर फोटो लावलाय. माणिकराव पांढरी टोपी घालून याटीचं चाक धरून उभा. शेजारपाजारचे बघायला येतात. सासूबाई सगळ्यांना सांगतात, हे आमचे जावई. मी समोरच सतरंजीवर बसलेलो असतो. कुणी विचारलंच तर म्हणतात, हे पण.

त्यानं सासूबाईंना शंख आणला. तो लगेच देवघरात गेला. मला एक शिंपला दिला. घेतला. आभार मानले, पण बेतानं.

माणूस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सकाळी विहिरीवर माझ्या आंघोळीचं पाणी त्यानंच शेंदलं. पण इतकं चांगलं कुणी उगीच वागत नसतं. माझी त्याच्यावर नजर आहे.

२४ मे. घरी.

परत आलो. जेवताना माणिकरावाचा विषय निघाला. कस्तुराला विचारलं, तुला याटीत बसायला आवडेल का? म्हणाली, आधी चुलीवरच्या पत्र्याचं बघा, मागच्या पावसात लय गळायलता. मी याटीचं विचारतोय आणि ही पत्र्यावर. मनातलं दुःख बायका असं लपवतात.

२० जून. सोमवार.

सूर्यग्रहण. इथं अर्धवटच दिसलं. लंकेत म्हणे संपूर्ण दिसणार होतं. माणिकराव महिनाभर तिकडंच राहिला असता तर तेही बघून आला असता. आला ते बरं झालं.

कस्तुरा म्हणाली, ग्रहणात तरी देवाचं नाव घ्या.

३ जुलै. रविवार. सकाळी सात.

सुचलं! बेटं आपल्याकडंही आहेत!

आमच्या गावाखाली गंगेत तीन उंचवटे आहेत. पुस्तकात गोदावरी, आमच्याकडं गंगाच. पाणी थोडं उतरलं की एकापाठोपाठ तिन्ही उघडे पडतात. पहिल्यावर बाभळी, दुसऱ्यावर नुसती वाळू, तिसऱ्यावर काय आहे ते कुणी बघितलेलं नाही, कारण कुणाचं तिथं काही काम नसतं. चारी बाजूंनी पाणी. व्याख्येत चोख बसतात. तीन म्हणजे द्वीपसमूह झाला.

बेत असा. नाव ठरवायची. ती सजवायची. मामा, सासूबाई, माणिकराव, सुमनबाई यांना बोलवायचं. सगळ्यांना बेटं फिरवायची. यंदा भाद्रपद अधिक आहे, म्हणजे धोंड्याचा महिना. त्या महिन्यात सासुरवाडीला जावयांना जेवायला बोलावतातच. त्याच्या आधी ही सफर उरकली की पहिला पाट कुणाला ते मामांना सांगावं लागणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी.

घाटावर जाऊन सटवाजी भोयाला भेटलो. नाव तोच चालवतो. दोन्ही काठच्या गावांतून सुगीला घरटी ज्वारी मिळते त्याला, म्हणून उतरायचे पैसे कुणाकडून घेत नाही. काठावरून कुणीही हाक मारावी, हा नाव घेऊन हजर. त्याच्या आज्यापासून असंच चालू आहे.

म्हणालो, एक दिवस नाव मला पाहिजे. तो म्हणाला, घ्या की मास्तर, नाव तुमचीच हाय. मी बजावून विचारलं, पूर्ण? म्हणाला, पूर्णच घ्या, अर्धी कशी देऊ? पैसे देऊ केले तर हात जोडले. नावेला फोडायला एक नारळ तेवढा आणा म्हणाला.

झालं काम! याला इंग्रजीत चार्टर म्हणतात. माणिकरावाला त्यासाठी शेट लागला. मी एकट्यानं केलं.

१० जुलै.

तयारी जोरात. हेडमास्तरांनी आरामखुर्ची द्यायचं कबूल केलं. सावलीला शाळेच्या नाटकाचा पडदा, त्यावर राजवाडा रंगवलेला आहे. गादी आणि लोड घरचे. ग्रामोफोन बन्सीधर दुकानदाराचा, तबकडी एकच. टोपीसाठी गंगाखेडला गेलो. बँडवाल्याकडं एक मिळाली, पांढरी, सोनेरी काठाची. माणिकरावाच्या टोपीला काठ नव्हता.

बेटांचा नकाशा काढला. रंगीत. पाणी निळं दाखवलं. गंगेचं पाणी आत्ता चहासारखं आहे, पण नकाशात निळंच दाखवतात.

कस्तुराला टोपी घालून दाखवली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, माणिकभाऊजींना जमतंय ते त्यांना करू द्या की, तुमी कशाला जीवाला त्रास करून घ्यायलाव? मी म्हणालो, यात माणिकरावाचा काहीएक संबंध नाही.

२४ जुलै.

मामांना पत्र टाकलं. माणिकरावालाही टाकलं. त्याला वगळता आलं असतं, पण मी तसल्या कोत्या मनाचा नाही. शिवाय तो नसला तर बघणार कोण?

७ ऑगस्ट.

गंगेला पूर. तिन्ही बेटं गैरहजर. सटवाजी म्हणतो, पोळ्यानंतर पाणी उतरंल.

माणिकरावाचं उत्तर आलं. दादा, तुमी बोलावलं, लय आनंद झाला, नक्की येतो, काही आणायचं असलं तर कळवा. दोनदा वाचलं. टोमणा सापडला नाही. चांगलाच खोल लपवलाय.

२८ ऑगस्ट. रविवार.

पाणी उतरलं. पहिली दोन बेटं दिसायला लागली. तारीख नक्की केली, पुढचा रविवार, ४ सप्टेंबर.

सटवाजीला सांगितलं तर डोकं खाजवायला लागला. म्हणाला, मास्तर, धोंड्याचा म्हयना हाय, जावयांची लय ये-जा चाललीय, म्हयना सरल्यावर जाऊ की. म्हणालो, महिना सरल्यावर काय उपयोग? आणि जावई मीपण आहे. म्हणाला, तुमची मर्जी, मला काय, मी हायच.

दोन्ही काठांवर सूचना लावली. सुवाच्य अक्षरात: रविवारी नाव खाजगी सफरीवर असल्यामुळे बंद राहील, लोकांनी नोंद घ्यावी. खाली सही, हुद्द्यासकट. पलीकडच्या काठावर लावायला सटवाजीनंच नेऊन सोडलं.

३ सप्टेंबर. शनिवार.

सगळे आले. मामा आणि सासूबाई बैलांच्या दमणीतून, माणिकराव आणि सुमनबाई मोटारीनं. माणिकरावानं पिशवीभर लिंबं आणलीत. म्हणालो, पाहुणचारात काही कमी वाटलं काय? तर नुसता हसला. इतकी लिंबं घेऊन कुणाच्या घरी जातात का?

मामांनी जेवताना विचारलं, नावेत पलंग आहे का? म्हणालो, गादी आहे. मामा हं म्हणाले. या हं मध्ये निदान पाऊण पाट आहे.

४ सप्टेंबर. रविवार. सकाळी, नावेत.

निघालो! नारळ फोडला. मामा आरामखुर्चीत, डोक्यावर राजवाडा. बायका गादीवर. ग्रामोफोन सुरू. मी पुढच्या टोकाला टोपी घालून उभा. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या.

माणिकराव नावेच्या बरोबर मध्यात फळी घट्ट धरून बसलाय. डोळे मिटलेले, लिंबू नाकाशी. मी दोनदा म्हणालो, हे बघा उजवीकडं केवढं पात्र. डोळे उघडले नाहीत. माझी नदी त्याला बघण्याच्या लायकीचीही वाटत नाही. ठीक आहे.

थोड्या वेळानं.

एक किरकोळ अडचण. पहिल्या बेटाच्या रोखानं चाललो होतो तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली, नाव आणा होऽऽ. सटवाजीनं नाव वळवली. मी म्हणालो, अरे, ही चार्टर केलेली आहे! म्हणाला, व्हय, हाय की, पर हाक आली ना मास्तर. मी सूचनेची आठवण दिली. म्हणाला, त्यांची ज्वारी खाल्लीय मी, कागद दाखवून काठावर कसं ठिवू?

दोन जावई चढले, बायकापोरांसकट. नवीन धोतरं, तेल लावलेले केस, सासुरवाडीला धोंड्याला चाललेले. गादीवर बसले. एकानं मला विचारलं, बँड कुणाकडं ठरलाय?

नंतर.

त्यांना अलीकडं सोडलं तर अलीकडं पाच जण उभे. त्यांना पलीकडं सोडलं तर पलीकडं आणखी जावई. या जिल्ह्यात इतके जावई असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळे आजच निघालेत. प्रत्येकजण चढताना राजवाड्याकडं बघतो, वा म्हणतो आणि लोडाला टेकतो.

एक पोटुशी बाई माहेरी चालली होती. मामांनी उठून तिला आरामखुर्ची दिली. स्वतः खाली बसले. एका जावयाचा बाप मामांच्या ओळखीचा निघाला, मग काय विचारता, गप्पा सुरू. मामा, इकडं बेट बघा म्हणालो, तर म्हणाले, थांबा हो दिनकरराव, यांच्या बैलाचं ऐकू द्या.

मी पुढच्या टोकावरून भाषण केलं. ही सार्वजनिक नाव आज सार्वजनिक नाही, असा त्याचा आशय. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. संपल्यावर एकानं पानाचा डबा पुढं केला.

दुपार होत आली.

येडबा मेंढपाळ चढला. शेळ्या, मेंढरं, बायको, घोंगडी. मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, या नावेत जनावर येणार नाही. येडबानं माझी टोपी बघून रामराम केला आणि एक करडू माझ्या हातात दिलं. म्हणाला, सायेब, एवढं धरा, लय वढाळ हाय. सोडलं असतं तर पाण्यात पडलं असतं. धरलं.

मी करडू धरलेलं असताना त्याच्या आईनं माझ्या खिशातला नकाशा खाल्ला. पहिलं आणि दुसरं बेट गेलं. तिसरं ओढून वाचवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला! येडबाच्या बायकोला म्हणालो, बाई, हे कागद सरकारी शाळेचे आहेत. ती म्हणाली, काय व्हत न्हाई तिला, पुट्टे बी खाती.

कस्तुरा तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं, मळमळायलंय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती.

पहिलं बेट. ऊन डोक्यावर.

पोचलो एकदाचे. सटवाजीनं आम्हा घरच्या माणसांना इथं उतरवलं. म्हणाला, तुमी निवांत फिरा, मी एवढी मानसं आन मेंढरं पल्याड सोडून आलोच.

तो गेल्यावर लक्षात आलं की शामियाना, गादी, खुर्ची, ग्रामोफोन, चिवडा, पुऱ्या, पाण्याची घागर, सगळं नावेतच गेलं.

बेट फिरून झालं. बाभळी आणि वाळू.

अजून पहिलं बेट.

नाव समोरून गेली. या काठाहून त्या काठाला. माझ्या लोडाला टेकून चार जावई बसलेले. ग्रामोफोन चालू. एकजण माझा चिवडा खात होता. त्यांनी हात हलवले. मी बेटाच्या कडेकडेनं पळत ओरडत गेलो, पण बेट संपलं.

परत आली. दुसरे जावई. तीच तबकडी.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात शिरून सटवाजीला नावानिशी हाक मारली. नियमाप्रमाणं हाकेला नाव यायलाच पाहिजे. तो ओरडून म्हणाला, तुमी काठावर कुठं हाव मास्तर, तुमी तर पोचलेले हाव!

इकडं मंडळींना काही फिकीर नाही. मामा बाभळीखाली घोरताहेत. माणिकराव नावेतून उतरल्या उतरल्या ताजातवाना झाला. त्यानं वाळूत झिरा उकरला, गाळून स्वच्छ पाणी काढलं आणि सासूबाईंना ओंजळीनं पाजलं. लिंबं पिळून दिली सगळ्यांना. झिरा मीच उकरणार होतो, पण मी नावेच्या मागं होतो.

कस्तुरा आणि सुमनबाई पातळं खोचून पाण्यात उतरल्यात. गोटे वेचताहेत, एकमेकींवर पाणी उडवताहेत. तेरा वर्षांत हिला असं खिदळताना मी बघितलं नव्हतं. जाऊन म्हणालो, ही हसायची वेळ आहे का? तिनं माझ्यावर पाणी उडवलं. टोपीचा सोनेरी रंग गळून नाकावर आला. दोघी बहिणी वाळूत बसून हसल्या. सासूबाई पण.

संध्याकाळी, घरी.

सूर्य कलल्यावर नाव आली. चिवडा, पुऱ्या साफ. त्याबदली जावयांनी परतताना आपापल्या शिदोरीतले अनारसे आणि पुरणाचे धोंडे आमच्या डब्यात भरून ठेवले होते, डबा झाकेना. सटवाजी म्हणाला, समद्यांनी मास्तरांना रामराम सांगितलाय. मंडळींनी येता येता नावेतच अनारसे खाल्ले. सासूबाईंनी प्रत्येक गावच्या अनारशाला नावं ठेवली आणि सगळे संपवले.

माणिकराव परतीतही डोळे मिटून. मी आज इतका दमलोय की त्याच्याबद्दल लिहायचं त्राण नाही.

५ सप्टेंबर.

पाहुणे गेले. शांतपणे विचार करता सफर यशस्वी. एक बेट पूर्ण, दुसरं लांबून, तिसरं नकाशात शिल्लक. प्रवासी संख्या याटीपेक्षा कितीतरी जास्त. मामा निघताना म्हणाले, दिनकरराव, असा दिवस आयुष्यात गेला नाही. वाक्य दोन्हीकडून लागतं, पण चेहरा हसरा होता.

पहिला पाट जवळजवळ नक्की.

९ सप्टेंबर.

धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं, रविवारचं. न्हाव्याकडं जाऊन आलो. नवीन कोट इस्त्री केला. पाटावर बसताना उजवा पाय आधी की डावा, हे आठवून ठेवलं. मागच्या खेपेला दुसऱ्या पाटावर कसाही बसलो होतो.

कस्तुराला विचारलं, माणिकराव काय घालून येईल? म्हणाली, मला काय ठाव?

११ सप्टेंबर. राणीसावरगाव.

लिहू का नको, असं झालंय.

भावकी, शेजारी, गावातली चार वजनदार माणसं, सगळी ओसरीवर. पाट मांडले. रांगोळी. समई. मामांनी नेहमीप्रमाणं माणिकरावाचा हात धरून पहिल्या पाटाकडं नेलं. मी कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली.

तेवढ्यात माणिकराव थांबला. सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणाला, मामा, हा पाट दादांचा. मी इथं बसायच्या लायकीचा न्हाई. त्या याटीचं तुमी लय कौतुक केलं, पर खरं सांगू का, मी चार दिवस बादली धरून पडलो होतो, एक बेट धड बघितलं न्हाई. मला पाण्याची लय भीती वाटते, लहानपणापासून. शेटसमोर न्हाई म्हणवलं न्हाई. लाजेनं इथं बोललो नव्हतो. दादांनी नावेत बोलावलं तवाबी छातीत धडधडायलं होतं, पर दादांनी एवढ्या प्रेमानं लिव्हलं होतं, मोडवेना. आन तिथं त्यांनी काय केलं? अख्खी नाव स्वतःसाठी ठरवून सगळ्या परगण्याच्या जावयांना तिच्यात बसवलं. आपण उन्हात थांबले. असं मन कुणाचं असतंय?

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मग मामांनी मला पहिल्या पाटावर बसवलं. गंध आधी मला. अनारशांचं ताट आधी माझ्यापुढं. चार महिने ज्याच्यासाठी झुरलो तो पाट माझ्या बुडाखाली होता.

आणि ओसरीवरचा एकही माणूस माझ्याकडं बघत नव्हता. सगळे दुसऱ्या पाटाकडं बघत होते. काय मन आहे, काय खरेपणा, एवढा मोठा माणूस आणि चारचौघांत कबूल करतो! मामांनी वाकून त्याला पोटाशी धरलं. त्यांच्या धोतराचा सोगा माझ्या वरणात गेला, ते त्यांना कळलंही नाही. भावकीतले एक म्हातारे उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले, म्हणजे तिसऱ्या पाटावर. दुसऱ्या पाटाला एवढी किंमत कधी आली होती?

आता मी उठून म्हणू शकत नव्हतो की नको, पाट त्यालाच द्या. म्हटलं असतं तर त्याची नक्कल झाली असती. आणि मला खरं काय ते सांगायचं असतं तर मी त्या जावयांना बसवलं नव्हतं, त्यांच्या नावानं दिवसभर शंख केला होता. हेही त्याच्यासारखं कबूल करता आलं असतं. पण कबूल करण्यातही तोच पहिला!

अनारशाचा ठसका लागला. पाणी माणिकरावानंच दिलं.

१२ सप्टेंबर. घरी, दिवेलागणीला.

दमणीतून परत आलो. वाटभर मी बोलत होतो. माणिकरावानं हे मुद्दाम कसं केलं असेल, आधीपासून कसं ठरवलं असेल, लिंबं त्या डावात कशी बसतात, सगळं कस्तुराला नीट समजावून सांगितलं. ती रस्त्याकडं बघत होती.

शेवटी विचारलं, खरं सांग, एवढ्या सगळ्यात तुला काय आवडलं? पाट मिळाला ते की नाही?

म्हणाली, बेटावरचा दिवस लय आवडला.

मला बरं वाटलं. विचारलं, का? पाणी, हवा, बहीण होती म्हणून?

म्हणाली, ते तर हायच. पर त्या दिवशी तुमी त्या शेळ्यांच्या आन जावयांच्या मागं इतके गुतून गेलतात, की सकाळपासून रातच्याला निजेपर्यंत माणिकभाऊजींचा विषय एकदाबी काढला न्हाई. सुमीच्या लग्नापासून असा दिवस मला पहिल्यांदा मिळाला. मला वाटलं, माझा नवरा माझ्यासंगं सहलीला आलाय.

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. गाडीवानानं बैलांना हाकललं. आता घरी येऊन तासभर झाला, ती आत भाकरी टाकतेय, आणि मी इथं बसून विचार करतोय की अशा वेळी माणिकरावानं बायकोला काय उत्तर दिलं असतं.